पुढच्या ओळीतली जागा

एफेसस, पानेमोस महिन्याची आठवी

तातियाला युमेनीसकडून.

तू, मानेस आणि छोटी अम्मिया सगळे बरे असाल अशी देवांपाशी मागणी. मी ठीक आहे. ज्या वकिलाकडे मी अर्ज लिहायचं काम करतो त्याचा घसा बसलाय, त्यामुळे सध्या आमच्या गल्लीत शांतता आहे.

एक बातमी कळवायची आहे. तुमच्या शेजारच्या मेलांथावाल्यांनी रोमन सुभेदाराकडे अर्ज केलाय आणि तो माझ्याच हातानं लिहिला गेला. त्यांचं म्हणणं असं की कोरासा हे नगर नाहीच. मेलांथाच्या हद्दीतलं ते एक खेडं आहे, आणि तिथले लोक उगाच सभा भरवून नगर असल्याचा आव आणतात. लिहिताना मला हसू आवरेना. आपल्या नाट्यगृहात बकऱ्या चरतात. कारंजं आपण लहान होतो तेव्हाच आटलं. व्यायामशाळेत तर मानेसचा मामा लसूण वाळत घालतो. इथं एफेससमध्ये संगमरवरी रस्त्यावरून चालताना कोरासाला मनातल्या मनातसुद्धा नगर म्हणायची लाज वाटते.

तरी तुमचा सभाप्रमुख मेनोफिलोस आहे ना, त्याला माझा निरोप दे. गव्हाची कापणी झाली की सुभेदाराचा माणूस वेट्टियस स्वतः पाहणी करायला येणार आहे. नाट्यगृह झाडून घ्या, कारंज्याला पाणी आणा, चौकात सम्राटाचा पुतळा उभा करा. नगर दिसलं पाहिजे. हे मनावर घे, तातिया. विसरू नकोस.

सांभाळून राहा.

कोरासा, पानेमोसची बाविसावी

युमेनीस दादाला तातियाकडून.

चला, बहिणीची आठवण झाली म्हणायची! झाली तीही कशासाठी, तर आमच्या बकऱ्या मोजायला. संगमरवरावर चालून तुझे पाय फारच नाजूक झालेत वाटतं. अरे, याच बकऱ्यांचं दूध पिऊन तू एवढा मोठा झालास.

नगर म्हणा नाहीतर खेडं म्हणा, मेंढीच्या अंगावर लोकर तेवढीच येते. मेलांथाला आमच्यावर राज्य करायची हौस असेल तर खुशाल करू दे. आमच्या मेनोफिलोसची बडबड ऐकायची पाळी तरी त्यांच्यावर येईल. तुझा निरोप मी दिला. ऐकून तो इतका घाबरला की हातातलं अंजीर त्यानं देठासकट गिळलं.

आता माझी बातमी. पुन्हा दिवस गेलेत. द्राक्षं उतरायच्या सुमारास होईल. मानेस दगड घडवताना गाणी म्हणतो आणि त्याचा आवाज कसा आहे ते तुला माहीतच आहे.

पण दादा, एक विचारू? तुला कधीपासून आमच्या कारंज्याची एवढी काळजी वाटायला लागली?

एफेसस, लोओस महिन्याची तिसरी

तातियाला युमेनीसकडून.

दिवस गेल्याचं वाचून आनंद झाला. आता खाली बस आणि मग पुढचं वाच. तुला न सांगता निभावेल असं वाटलं होतं, पण आता लपवण्यात अर्थ नाही.

आपण दोघं उकिरड्यावर टाकून दिलेली पोरं. अफ्फिया आईनं उचलून आणलं, वाढवलं, अक्षरं शिकवली. मायेनं आपण तिची लेकरं होतो, पण कायद्यानं तिचे गुलाम. डायोनिससच्या जत्रेत तिनं आपल्याला कोरासाच्या नाट्यगृहात उभं केलं, दवंडीवाल्यानं आपली नावं पुकारली, लोकांनी हात वर केले आणि आपण सुटलो. तुझं लग्न लागलं तेही त्यामुळंच.

आता ऐक. असं कुणाला मुक्त करायचं तर ते नगराच्या सभेपुढंच व्हावं लागतं. खेड्याच्या सभेला तो अधिकार नाही. कोरासा कधी नगर नव्हतंच असं ठरलं, तर त्या दिवशी नाट्यगृहात काही घडलंच नाही असाही अर्थ होतो. मेलांथाच्या अर्जामागं कोण आहे ओळख पाहू. स्ट्रातोन! अफ्फिया आईच्या नवऱ्याचा पुतण्या, मेलांथातला बडा जमीनदार, आणि आता आईचा वारस. आपल्याला सोडलं त्या दिवसापासून तो धुमसतोय. निकाल त्याच्या बाजूनं लागला तर तू त्याची, अम्मिया त्याची, आणि पोटातलंही त्याचंच.

माझी चिंता करू नकोस. एफेसस मोठं आहे. इथं कोण कुणाला विचारतो?

कोरासा, लोओसची विसावी

युमेनीस दादाला तातियाकडून.

तुझं पत्र वाचलं. अम्मिया अंगणात खेळत असते आणि मी उगाच जाऊन तिला उचलून घेते. ती वैतागते.

मानेसनं मेनोफिलोसच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. माणूस भित्रा आहे, पण वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गाव असं कामाला लागलं की विचारू नकोस. बकऱ्या हाकलल्या, लसूण उचलला. कारंज्याचा झरा काही सापडला नाही, म्हणून भिंतीमागं माणसं बसवलीत. पाहुणा आला की ती पखालींनी नळात पाणी ओतणार. सम्राटाचा नवा पुतळा घडवायला वेळ कुठला? चौकात तो जुना थाळीफेक्या पैलवान उभा आहे ना, त्याचं डोकं काढून मानेसनं त्या जागी सम्राटाचं डोकं घडवून बसवलं. चेहरा छान उतरलाय, पण हातातली थाळी तशीच राहिली. सम्राट जेवण मागायला दारात उभा आहे असं वाटतं. मी बोलले तर मानेस म्हणाला, ‘लांबून बघ.’ लांबून तर जास्तच भुकेला दिसतो.

आणि हो, मेनोफिलोसनं घरोघर फिरून ताकीद दिली आहे. पाहुणा असेपर्यंत भांडण नाही. सभेत जे मांडलं जाईल त्याला सगळ्यांनी ‘हो’ म्हणायचं. कोरासाची सभा आणि भांडण नाही! मिठाशिवाय शिजवलेली मसूरच ती. पण माझ्यासाठी लोक तोंडं मिटून बसायला तयार झालेत.

आता तुझं बोल. तुझं नावही त्याच दिवशी, माझ्या आधी पुकारलं होतं. ‘माझी चिंता करू नकोस’ म्हणे! बहिणीला येडी समजतोस काय?

एफेसस, बंदरापासून, गोर्पियेओस महिन्याची पहिली

तातियाला युमेनीसकडून.

घाईत लिहितोय. हल्ली मी बंदराजवळ एका खलाशाच्या माडीवर राहतो. इथली हवा मोकळी आहे. वकिलाचं काम तूर्त थांबलंय, त्याचा घसा अजून बरा नाही.

एक महत्त्वाचं राहिलं होतं. रोमन माणूस बसायच्या जागेवरून मान मोजतो. नाट्यगृहातली पुढच्या ओळीतली मधली जागा वेट्टियसला द्या. नुसती बसायला नको, सभेत ठराव करून कायमची त्याच्या नावावर करा. इथं सगळीकडे असंच करतात. मेलांथानं तो पोचायच्या आत त्याच्यासाठी आसन कोरून ठेवलंय. तुम्ही मागं पडू नका. तेवढं झालं की निम्मं काम फत्ते.

पुढचं पत्र याच पत्त्यावर पाठव. लवकर पाठव.

कोरासा, गोर्पियेओसची सतरावी

युमेनीस दादाला तातियाकडून.

सगळं संपलं. जसं झालं तसं सांगते, म्हणजे पुढं काय करायचं ते तुला ठरवता येईल.

वेट्टियस आला. टकला, पायाला फोड आलेला, पण बोलायला गोड म्हातारा. पुतळ्यापुढं बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘सम्राटांना भूक लागलेली दिसते.’ मेनोफिलोस पांढराफटक पडला. कारंज्यावर वेट्टियसनं हात धुतले, तोंड धुतलं, पाणी प्यायला, आणि मग हात धारेखाली धरून नुसताच उभा राहिला. भिंतीमागच्या पखाली संपत आल्या. धार बारीक झाली आणि मागून कुणीतरी खोकलं. वेट्टियसनं हात पुसले आणि तो पुढं निघाला. तेवढ्यावर निभावलं म्हणून मी देवीमातेला नवससुद्धा बोलले.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहात सभा. आम्ही बायका वरच्या पायऱ्यांवर. वेट्टियस खाली मध्यभागी उन्हात उभा, जागा मिळायची वाट बघत. मेनोफिलोसनं तुझ्या सल्ल्याप्रमाणं ठराव मांडला. तुला आठवत नाही का रे, ती मधली जागा कुणाची आहे? देवीमातेच्या पुजारीणबाईंची, मेल्तिने आजीची! दुष्काळात तिनं देवळातलं धान्य वाटलं, तेव्हा सभेनंच तिला ती दिली होती. मेनोफिलोस म्हणाला, ‘आजी, जरा सरकता का?’

आजी उठलीच नाही. म्हणाली, ‘ही जागा मला लोकांनी हात वर करून दिली. काढायची तर हात वर करूनच काढा. तू भुवया उडवून काढशील तर नाही निघायची.’

दुसऱ्या ओळीतला कातडी कमावणारा सगार ओरडला, ‘अगं म्हातारे, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे!’

‘दोन दिवसांसाठी मागितली असतीस तर मांडीवर बसवलं असतं पाहुण्याला. तुम्ही कायमची देऊन टाकताय.’

झालं! इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. कुणी म्हणालं आजीचं बरोबर आहे, कुणी म्हणालं आजीला अक्कल नाही. कुणी मेनोफिलोसच्या आजोबांची लफडी काढली. एकानं तर दुष्काळात आपल्याला मापात कमी धान्य मिळालं होतं ते आत्ता सांगितलं. सूर्य कलला तरी कुणी थांबेना. वेट्टियस उन्हात तसाच उभा, टक्कल लालबुंद. मी वरून मनात ओरडत होते, अरे द्या ना त्याला ती जागा, माझ्या पोरीसाठी द्या!

शेवटी दवंडीवाल्यानं हात वर करायला सांगितले. आधी जागा द्यावी म्हणणाऱ्यांचे, मग आजीकडेच ठेवावी म्हणणाऱ्यांचे. दादा, दुसऱ्या वेळी मानेसनं मान वळवून वर माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं तो हात खालीच ठेवेल. त्यानं वर केला.

पाच-सात हातांनी आजी जिंकली. सुभेदाराच्या माणसाला कोरासानं जागा नाकारली. मेनोफिलोस पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मग सगार सरकला, कुणीतरी उशी दिली आणि वेट्टियस दुसऱ्या ओळीत सगारशेजारी बसून भाजलेले हरभरे खात राहिला. सकाळी लवकर निघून गेला.

घरी आल्यावर मी मानेसला म्हटलं, ‘तुला सगळं माहीत होतं ना?’

‘होतं.’

‘मग माझ्या गळ्यात दोर अडकवायला हात वर केलास?’

त्यानं छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘तुला सोडवलं त्या दिवशी स्ट्रातोन तिथं समोर बसला होता. आमच्यातले निम्मे त्याची जमीन कसतात. तरी त्याच्या तोंडावर हात वर केले होते आम्ही. आज भीतीनं हात खाली ठेवला, तर त्या दिवशीच्या हाताला तरी काय किंमत राहिली?’

मी म्हटलं, ‘तुझं शहाणपण घाल चुलीत.’ त्यानंतर मी त्याच्याशी बोललेली नाही. भाकरी त्याच्यापुढं ठेवते आणि आत येते. तो गाणं म्हणत नाही. घरात फक्त छिन्नीचा आवाज असतो.

काय करू ते सांग. अम्मियाला कुठं पाठवू? बंदरावर तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?

एफेसस, हिपरबेरेतायोस महिन्याची नववी

तातियाला युमेनीसकडून.

कुठं पाठवू नकोस. कुणाला कुठं जायला नको. तातिया, आपण सुटलो!

भराभर लिहितोय, अक्षर लागलं नाही तर मानेसला वाचायला सांग. आधी जे लपवलं ते सांगतो. वकिलाचा घसा कधीच बरा झाला होता. मी तुला कळवलं हे त्याला समजलं, आणि मी कोण ते स्ट्रातोननं त्याला सांगितलं. त्यानं मला त्याच दिवशी बाहेर काढलं. बंदरावरची हवा वगैरे सगळं खोटं. मी अलेक्झांड्रियाच्या जहाजाची वाट बघत लपून बसलो होतो. एफेससमध्ये कोण कुणाला विचारतो, असं मी तुला लिहिलं होतं ना? या संगमरवरी शहरात प्रत्येक जण तेच विचारतो, की तू कुठला आणि तुझ्यामागं कोण. आणि मला सांगायला एक कोरासाच होतं, ज्याची मी टिंगल करत आलो.

जहाज लागलं होतं, पण तुझं पत्र आल्यावर पाय निघेना. निकाल ऐकून मगच जावं म्हणून तोंडावर पांघरूण घेऊन मी सुभेदाराच्या दरबारात मागं उभा राहिलो. आमच्या वकिलानं मेलांथाची बाजू काय रंगवून मांडली! थाळीवाला सम्राट, कोरडं कारंजं. लोक पोट धरून हसत होते. तो म्हणाला, ‘आणि महाराज, भिंतीमागं दोन माणसं पखाली ओतत होती!’

वेट्टियस बसल्या जागेवरून म्हणाला, ‘तीन. त्यातल्या एकाला खोकला आहे.’

मग तो उठला. म्हणाला, ‘पुतळा खोटा, कारंजं खोटं, ते मी धरतच नाही. मेलांथात मी गेलो तेव्हा सगळे उभे राहिले. एकटा स्ट्रातोन बोलला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मागायच्या आत मला मानाची जागा मिळाली. ती कुणाकडून काढून घेतली ते मला कळलंसुद्धा नाही. कोरासात माझ्यादेखत माझ्याच जागेवरून दिवसभर भांडले, हात मोजले आणि मला नाही म्हणाले. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनीच मग मला उशी दिली. हरलेले जिंकलेल्यांबरोबर जेवायला गेले. मी गेली वीस वर्षं या प्रांतात फिरतोय. खेडं मला कधी नाही म्हणत नाही. खेड्यात एकाची भीती असते आणि बाकीच्यांच्या माना डोलतात. त्या दिवशी उन्हात माझं डोकं भाजलं, पण मी नगरात उभा होतो.’

सुभेदारानं फार वेळ लावला नाही. कोरासा नगर होतं आणि आहे, तिथल्या सभेनं आजवर जे जे केलं ते कायम, असा निकाल दिला. स्ट्रातोन काहीतरी बोलायला उठला, तर वेट्टियस म्हणाला, ‘बसा, आता दुसऱ्या कुणाला बोलू दे.’

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो आणि हुंदके देऊन रडलो. एका मासेवालीनं विचारलं, ‘काय रे, कोण गेलं?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही, बाई. कुणीच नाही गेलं.’ तिला वाटलं उन्हानं डोकं फिरलं.

माझा सल्ला सभेनं ऐकला असता तर आज आपण स्ट्रातोनच्या दारात असतो. मानेसचा हात वर गेला म्हणून वाचलो. त्याच्याशी बोल गं आता. तो आधी बोलणार नाही, तू त्याला चुलीत घातलंयस.

द्राक्षांच्या आत मी येतो. मला मुलं शिकवता येतात, आणि व्यायामशाळा आता रिकामी आहे असं ऐकतो.

कोरासा, दिओस महिन्याची चौथी

युमेनीस दादाला तातियाकडून.

तू वाटेत असशील. हे पत्र मुक्कामाच्या धर्मशाळेत गाठावं म्हणून खेचरवाल्याच्या हाती देतेय.

निकालाची दवंडी पिटली तेव्हा मी पीठ मळत होते. ऐकून तशीच खाली बसले. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला असं वाटलं. मानेस दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, ‘ये, भाकरी गरम आहे.’ एवढंच म्हटलं रे, तर तो माणूस माझ्या पिठाच्या हातांत तोंड घालून रडला. नंतर उठला तर दाढी सगळी पांढरी. मी हसले, मग तोही हसला. रात्री मी अशी झोपले की अम्मियानं माझे डोळे उघडून बघितलं, आई आहे की गेली म्हणून.

मुलगा झाला. धडधाकट आहे, आवाज बापावर गेलाय. मेल्तिने आजीनं मांडीवर घेऊन त्याला देवीपुढं नेलं. गावात आता नवं भांडण पेटलंय, निकाल दगडावर कोरून कुठल्या भिंतीत बसवायचा यावरून. मेनोफिलोस जेवायलाही घरी जात नाही. मानेस म्हणतो भांडू दे, दगड काही नासत नाही.

आता कालची गोष्ट ऐक. मी ओटीवर बाळाला घेऊन पडले होते. स्ट्रातोनचा कारभारी खेचरांवर माल घेऊन खालच्या गावी चालला होता, तो विहिरीपाशी थांबला. अम्मिया तिथं खडे खेळत होती. त्यानं तिला न्याहाळून बघितलं. मला उठता तर येईना. त्यानं विचारलं, ‘काय गं पोरी, तू कुणाची?’

आमचं नाव सांगेल असं मला वाटलं. ती वर न बघता म्हणाली, ‘मी कोरासाची.’

त्यानं खेचरांना पाणी पाजलं आणि तो गेला.